लाल टोपण, नारिंगी टोपण

सोलापुरात नर्सिंगच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनींना मी औषधशास्त्र शिकवते. परीक्षेपूर्वीच्या उजळणीत औषधांचे गट, त्यांचे दुष्परिणाम आणि योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा हे नियम भराभर होतात, कारण ते मुलींना तोंडपाठ असतात. ज्या औषधांच्या मात्रेत चूक झाली तर ती निस्तरायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी मात्र मी मुद्दाम वेळ राखून ठेवते: शिरेतून द्यायचे पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन आणि इन्सुलिन.

त्या दुपारी इन्सुलिनची उजळणी होती. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते. पेनमधले साधारणपणे १०० चे असते, आणि १०० ची बाटलीही बाजारात मिळते. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. सिरिंजवरच्या रेघा युनिट दाखवतात खऱ्या, पण त्या तेवढ्याच तीव्रतेच्या इन्सुलिनसाठी आखलेल्या असतात. फळ्यावर हिशेब मांडला. ४० च्या बाटलीतले २० युनिट म्हणजे अर्धा मिलिलिटर. तेच नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले तर ०.२ मिलिलिटर येते, म्हणजे केवळ ८ युनिट. उलट १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढले तर ५० युनिट जातात, आणि रुग्णाची शुगर इतकी उतरू शकते की तो बेशुद्ध पडेल.

हिशेब उतरवून घेता घेता एक विद्यार्थिनी उभी राहिली. “मॅडम, आमच्या आजीची बाटली ४० ची आहे, पण सिरिंज नारिंगी टोपणाच्या आहेत.” तिची आजी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, आयुष्यभर विड्या वळलेली, घरी तेलुगूच बोलणारी. पूर्वी सकाळच्या २० युनिटवर आजींची शुगर आटोक्यात असे. मग जवळच्या दुकानातून नव्या सिरिंज आल्या आणि शुगर चढू लागली. गोडाधोडावरून घरात बोलणी खाणाऱ्या आजींचा डोस डॉक्टरांनी वाढवत ३० वर नेला होता.

मी तिलाच फळ्यापाशी बोलावले. नारिंगी सिरिंजवर ३० म्हणजे ०.३ मिलिलिटर, गुणिले ४०, बरोबर १२. ज्या आजींना २० युनिट पुरत होते, त्यांना ३० लिहून दिल्यावरही प्रत्यक्षात १२ च मिळत होते.

आता काय करायचे, असे विचारल्यावर वर्गातून एकमुखाने उत्तर आले, “सिरिंज बदलायची.” त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा धडा मला इथेच दिसला, म्हणून मी त्यांना पुढचा हिशेब करायला लावला. चिठ्ठीवर ३० तसेच राहिले आणि उद्या सकाळी घरात लाल टोपणाची सिरिंज आली, तर आजींच्या अंगात १२ ऐवजी ३० युनिट जातील, म्हणजे एका दिवसात अडीचपट. नेहमीएवढे खाऊनही त्यांना दरदरून घाम सुटेल, हातपाय थरथरतील, भ्रम होईल. आणि घरच्यांना वाटेल, वयामुळे थकवा आला. सिरिंज आणि डोस या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या नजरेखाली एकाच वेळी बदलायला हव्यात, आणि तोवर परिचारिकेने किंवा नातीने मनाने आकडा ठरवायचा नाही. सावधपणा म्हणजे केवळ चूक पकडणे, असे मुली समजतात. चूक दुरुस्त करतानाही तितकाच सावधपणा लागतो, हे मला त्यांच्या मनावर ठसवायचे होते.

तिने वर्गातूनच वडिलांना फोन केला, आणि बाटली, सिरिंज व चिठ्ठी अशा तिन्ही वस्तू घेऊन संध्याकाळी सगळे दवाखान्यात गेले. नुसते तोंडी सांगितले असते तर हा घोळ कोणाच्या ध्यानात आला असता की नाही, याची मला शंका आहे.

डॉक्टरांनी डोस कमी करून लाल टोपणाच्या सिरिंजने १६ युनिट सुरू केले आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर लिहून आणायला सांगितले. चिठ्ठीवर आता ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला आहे, कारण इंग्रजीतले नुसते यू हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. त्याखाली सिरिंज ४० ची, असेही लिहिले आहे. नातीने बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा ४० हा आकडा आजींना बोट ठेवून दाखवला, आणि दोन्हीकडे तो सारखा दिसल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही, हे तेलुगूत समजावून त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.