पर्स सांभाळतेस ना?

सोलापूरला गेले की मावशीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात, "त्या जिप्सी लोकांच्या घरी जातेस, पर्स सांभाळतेस ना?" इथे इंग्लंडमधले शेजारीही विचारतात, शब्द जरा सभ्य असतात इतकंच. नऊ वर्षं विषय बदलत आले. आता विचारलंतच, तर ऐका.

हो, सांभाळली होती. इथल्या समाजसेविकेच्या सरकारी नोकरीच्या पहिल्याच वर्षी. स्लोव्हाकियातून आलेलं रोमा कुटुंब (तुम्ही जिप्सी म्हणता तेच लोक), पोरं शाळेत जात नाहीत अशी तक्रार. दोन खेपांना दार उघडलं नाही, म्हणून मी फॉर्मवर लिहिलं, 'आई सहकार्य करत नाही'. तिसऱ्यांदा उघडलं. सोफ्यावर बसताना मी पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळला. माझं लक्षही नव्हतं. तिचं होतं. ती काही बोलली नाही. दोन्ही पोरांना माझ्यासमोर खाली बसवलं आणि हात गुडघ्यांवर, मला दिसतील असे ठेवायला लावले. अर्धा तास ती लेकरं तशीच बसून होती. मध्येच धाकटा आईला म्हणाला, "पानी." रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान. ही भाषा आपल्याकडूनच तिकडे गेली, हे मला पाठ होतं. तरी पट्टा सोडला नाही.

ती दार का उघडत नव्हती, ते दुभाषी बाईंनी नंतर सांगितलं. १९८० च्या दशकात तिच्या आईच्या दारात माझ्यासारखीच एक सरकारी बाई आली होती. नसबंदी करून घे, पैसे मिळतील म्हणाली. चेकोस्लोव्हाकियात रोमा बायकांवर हे राजरोस व्हायचं. स्लोव्हाकियाच्या सरकारने माफी मागितली ती २०२१ साली.

तेव्हा मी स्वतःला समजावायचे, पर्सची सवय वेगळी, काम वेगळं. ते खरं नव्हतं. सोलापुरात सेटलमेंटवरून जाताना आई माझा हात घट्ट धरायची. इंग्रजांनी ज्यांना जन्मतःच चोर ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं, त्यांची ती वस्ती. तो गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून १९५२ साली गेला, आईची मूठ काही सैल झाली नाही. फॉर्मवरचं ते वाक्य मी तिथूनच आणलं होतं.

पण म्हणून सगळा दोष पदरात घेऊन मोकळी होणार नाही. पुढे एका रोमा मुलीला घरातून हलवायची शिफारस मीच केली. तिला मारहाण होत होती. आजही तेच करीन. मात्र तेव्हा माझी नजर स्वच्छ होती का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

ती आई कधीकधी बाजारात दिसते. मान हलवते, थांबत नाही.