वरण लवकर शिजवणारे पाणी

पीएच.डी.च्या कामासाठी गेली दोन वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांतून, पिण्याच्या पाण्याचे नमुने गोळा करते आहे. विषय भूजलातील फ्लोराइडचा आहे.

एका गावात शाळेजवळच्या हापशीवर मी नमुना घेत होते. आधी पाच-सात मिनिटे पाणी उपसून टाकायचे, मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. काचेवर फ्लोराइडची प्रक्रिया होते, म्हणून बाटली प्लास्टिकची. पाण्याचा गुंड, म्हणजे घडा, भरायला आलेल्या एक मावशी हे सगळे शांतपणे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हेच पानी चांगलं हाय वो बाई. हिरीच्या पान्यात वरण शिजत नाही, ह्याच्यात लवकर शिजते."

प्रयोगशाळेत त्या हापशीचे फ्लोराइड मर्यादेच्या बरेच वर निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. मावशींनी नाकारलेल्या जुन्या विहिरीचे पाणी मात्र 1 च्या आत होते.

मावशींचे निरीक्षण चुकीचे नव्हते. डाळ शिजू न देणारा पाण्याचा जडपणा मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो. पाणी खोल खडकात दीर्घकाळ राहिले की पुष्कळदा त्यातले कॅल्शियम घटते, सोडियम व बायकार्बोनेट वाढतात आणि पाणी मऊ होते. पण फ्लोराइडला धरून ठेवणारे, त्याचा न विरघळणारा क्षार बनवणारे तेच कॅल्शियम असल्यामुळे, ते कमी झाले की खडकातून सुटलेले फ्लोराइड पाण्यात मोकळे राहते. प्रत्येक मऊ पाणी असे असते असे नाही; या गावात मात्र ज्या गुणामुळे बाया हापशी पसंत करत होत्या, तो गुण आणि तो दोष एकाच कारणातून आले होते. चव, रंग, वास यांपैकी कशानेही फ्लोराइड ओळखता येत नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. पाणी उकळून प्या हा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे, पण त्यावर विसंबून राहिलेल्या घरांना फ्लोराइडपासून काहीही संरक्षण मिळत नाही, हे कोणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवे होते.

शाळेतल्या मुलांच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत. हे डाग घासून जात नाहीत, कारण ते वरून चढलेले नसून, वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत दाताचे आवरण घडत असतानाच पडलेले असतात. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की हाडे व सांधे ताठरतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. त्या मुलांना कोणी दात घासत नाहीत म्हणून रागावू नये, एवढे तरी शिक्षकांना कळावे, असे मला फार वाटते.

मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली: याआधीही लोक येऊन बाटल्या भरून घेऊन गेले होते, पण पुन्हा कोणी आले नाही. त्या लोकांच्या प्रबंधात या गावाचा आकडा असेलही. गावाला तो मिळाला नाही. म्हणून मी निकाल मराठीत लिहून काढला आणि विद्यापीठात सादर करण्याआधी गावात घेऊन गेले.

नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत मी समजावून सांगितली. परंतु तिच्यात मात्रा रोज नेमकी मोजावी लागते आणि खाली बसलेला गाळ जपून टाकावा लागतो, हे काम नियमाने कोण करणार, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी विहिरीचा विचार झाला. तिच्यात खते व सांडपाण्यातून झिरपणारे नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेत होते, पण उघडी विहीर असल्याने जंतूंचा धोका होता, म्हणून ब्लिचिंग पावडर नियमित टाकायची आणि पिण्याला व स्वयंपाकाला तेच पाणी वापरायचे, हापशी धुण्याभांड्यांसाठी ठेवायची, असे ठरले. मावशींनी लगेच विचारले, "मंग वरणाचं काय?" डाळ आदल्या रात्री भिजत घाला, असे मी सुचवले. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही.

मे महिन्यात विहिरीची पातळी सर्वांत खाली जाईल, तेव्हा मी दोन्ही ठिकाणचे नमुने पुन्हा घेणार आहे.