बँकॉकमध्ये ऐसपैस राहायचंय? आधी नदी की स्कायट्रेन ते ठरवा

लेकीची दहावी आटोपली, सासूबाईंची पंच्याहत्तरी तोंडावर आली आणि नवऱ्याला बऱ्याच वर्षांनी सलग रजा मिळाली. मग घरात एकमताने ठरलं: या वेळी टूर कंपनी नको, पहाटे सहाचं 'बॅगा बाहेर ठेवा' नको. एकच शहर, आणि राहायला झकास हॉटेल. मुंबईत ज्या पैशात बरं म्हणावं असं बिझनेस हॉटेल मिळतं, त्यात बँकॉकमध्ये बऱ्याचदा वरच्या दर्जाचं मिळून जातं, विशेषतः मे ते ऑक्टोबर या पावसाळी मोसमात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान आणि दरही तसेच. आम्ही मे महिन्यात गेलो. उकाडा ठाण्यासारखाच, दुपारी एखादी दणदणीत सर, की पुन्हा ऊन.

हॉटेल शोधायला बसलं की स्टार, पोहण्याच्या तलावाचे फोटो आणि रेटिंग यांत माणूस हरवतो. बँकॉकपुरतं माझं मत असं, की हे सगळं नंतर बघावं. आधी नकाशा उघडावा आणि विचारावं, संध्याकाळी पाच वाजता आपण या हॉटेलातून बाहेर कसे पडणार? कारण पाच ते आठ या वेळात तिथली टॅक्सी मीटरपेक्षा संयमावर चालते. सुखुमवित रस्त्यावरचा असोकचा चौक पार करायला आम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात वर स्कायट्रेनच्या, म्हणजे तिथल्या उन्नत मेट्रोच्या, कितीतरी गाड्या निघून गेल्या. म्हणजे एक तर हॉटेल स्कायट्रेनच्या स्टेशनला चिकटून हवं, नाहीतर सरळ नदीकाठी, जिथे रस्त्याशी संबंधच कमी. या दोन्हींच्या अधेमधे, गल्लीत पाऊण किलोमीटर आत असलेलं हॉटेल कितीही देखणं असलं तरी ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी त्याचा मोह टाळावा.

आम्ही मुक्कामाचे दोन भाग केले. सुरुवातीच्या रात्री चिडलोम स्टेशनच्या परिसरात, नंतरच्या नदीकाठी. क्रम मुद्दाम असा. आधी फिरणं, खरेदी, मॉल उरकायचे आणि मग नदीवर जाऊन पाय पसरायचे. उलट केलं तर नदीकाठचं महागडं हॉटेल फक्त झोपायला वापरलं जातं.

चिडलोम, राचप्रसोंग, सियाम हा सगळा पट्टा स्कायट्रेनच्या खालून जाणाऱ्या उन्नत पादचारी मार्गाने जोडलेला आहे. ऊन नाही, पाऊस नाही, रस्ता ओलांडणं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखरे, पण या मार्गावर त्या दमादमाने का होईना, चालू शकल्या. फक्त स्टेशनच्या प्रत्येक जिन्याला लिफ्ट किंवा सरकता जिना असेलच असं नाही, म्हणून कुठल्या बाजूला लिफ्ट आहे ते पहिल्याच दिवशी हॉटेलच्या लोकांना विचारून घ्या. या पट्ट्यात ग्रँड हयात एरावान, अनंतरा सियाम, सेंट रेजिस, वॉल्डॉर्फ अस्टोरिया अशी बडी मंडळी शेजारी शेजारी आहेत. पुढच्या प्लोएनचित स्टेशनला लागून सेंट्रल एम्बसी मॉलच्या वर पार्क हयात आहे.

एरावान हॉटेलच्या कोपऱ्यावर चतुर्मुख ब्रह्मदेवाचं छोटं मंदिर आहे. १९५६ सालचं. जुनं एरावान हॉटेल बांधताना एकामागून एक विघ्नं येत होती, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने ते उभारलं, अशी त्याची कथा. "ब्रह्मदेवाची पूजा करतात होय इथे? आपल्याकडे पुष्कर सोडलं तर कुणी विचारत नाही त्याला," म्हणत सासूबाईंनी चारही मुखांना झेंडूचा एकेक हार वाहिला. नवस फेडणारे लोक पैसे देऊन तिथे पारंपरिक नृत्य करवून घेतात, तेही बघायला मिळालं. जवळच सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर त्रिमूर्ती आणि गणपती आहेत. थायलंडमध्ये गणपतीला फ्रा फिकनेत म्हणतात आणि तिथल्या ललितकला विभागाचं बोधचिन्हही तोच आहे. रोज संध्याकाळी देवदर्शन झालं म्हटल्यावर आमच्या घरातल्या ज्येष्ठ सदस्याने बाकी कशाचीच तक्रार केली नाही.

असोक आणि नाना हे स्टेशन-परिसर भारतीय जेवणासाठी सोयीचे. असोकला शेरेटन ग्रँड सुखुमवित थेट पादचारी पुलाने स्टेशनला जोडलेलं आहे. नानाच्या आसपास मात्र रात्री जे चालतं ते बघता, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेल नक्की कुठल्या गल्लीत आहे हे तपासावं. सुखुमवितच्या सम आणि विषम गल्ल्या रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ वाचतो.

सिलोम आणि सथॉर्न हा कचेऱ्यांचा भाग. आम्ही तिथे राहिलो नाही, पण पुढच्या वेळी मी सुकोथाई हॉटेलचा विचार करीन: शहराच्या मधोमध, बैठ्या इमारती, पाण्यात उभे विटांचे स्तूप. १९७० सालचं दुसित थानी हॉटेल पाडून त्याच नावाने नवं बांधलं, ते २०२४ मध्ये उघडलं. ते लुम्फिनी पार्कच्या समोर आहे. या पार्कात सकाळी फिरायला जरूर जा. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी निवांत फिरतात आणि जॉगिंग करणारे त्यांना वळसा घालून जातात. लेकीने लगेच, "यातली यशवंती कुठली?" असं विचारून घेतलं. सिलोम रस्त्यालगत मारीअम्मनचं तमिळ पद्धतीचं मंदिर आहे. आत फोटो काढू देत नाहीत.

आता नदी. चाओ फ्राया. नदीकाठची हॉटेलं म्हणजे बँकॉकची खरी जुनी श्रीमंती. मँडरिन ओरिएंटल १८७६ पासून आहे. १९२३ साली इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम तिथे मलेरियाने फणफणलेला येऊन पडला होता, आणि हा हॉटेलातच मेला तर पंचाईत, अशी काळजी व्यवस्थापिकेला पडली होती, हा किस्सा तिथे अजून सांगतात. तिथे राहणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं, पण दुपारचा चहा घेता येतो. आधी आरक्षण करा, आणि पुरुषांनी चपला-बर्मुडा घालून जाऊ नये; नवऱ्याला मी मुद्दाम बूट न्यायला लावले होते. शांग्रीला सफान ताक्सिन स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, म्हणजे नदी आणि स्कायट्रेन दोन्ही पायाशी. ज्येष्ठ बरोबर असतील आणि एकाच हॉटेलात सगळा मुक्काम करायचा असेल तर माझी पहिली शिफारस हीच. फोर सीझन्स आणि कपेला ही दोन्ही २०२० मध्ये उघडलेली, शेजारी शेजारी. कपेलाला २०२४ मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम हॉटेलांच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला होता. दरही पहिल्या क्रमांकाला शोभतील असेच.

आम्ही पेनिन्सुला घेतलं, पलीकडच्या थोनबुरी काठावरचं. इमारतीचा आकार इंग्रजी डब्ल्यूसारखा आहे, त्यामुळे प्रत्येक खोलीतून नदी दिसते. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. बाकी अनेक हॉटेलांत 'नदीचं अंशतः दर्शन' म्हणून जी खोली विकतात, तिच्या खिडकीतून मान वाकडी करून पाण्याची एक पट्टी दिसते. नदीकाठी राहून शहराकडे तोंड असलेली खोली घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. त्यापेक्षा स्टेशनजवळ राहा आणि एक संध्याकाळ बोटीतून हिंडा.

बोटींबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हॉटेलांच्या जाहिरातीत हे नसतं. नदीकाठच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या स्वतःच्या बोटी सफान ताक्सिन स्टेशनखालच्या सथॉर्न धक्क्यापर्यंत फुकट ये-जा करतात. त्यांत चढता-उतरताना कर्मचारी हात धरतात, बोट नीट टेकलेली असते. सार्वजनिक बोटींचं तसं नाही. केशरी झेंड्याची एक्स्प्रेस बोट विसेक बाथच्या आत कुठेही नेते, पण धक्क्याला काही क्षणच टेकते, डुलत असते आणि शिट्टी वाजली की निघते. गुडघेदुखी असलेल्यांना त्यात चढवणं मला धोक्याचं वाटलं. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट थोडी महाग, पण निवांत. वाट अरुण आणि वाट फो ही बौद्ध मंदिरं बघायला आम्ही तीच घेतली. ग्रँड पॅलेसलाही याच मार्गाने जाता येतं. तिकीट माणशी ५०० बाथ, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर एखादा सभ्य गृहस्थ "आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणाला, तर हसून पुढे चालू लागा. हॉटेलची शेवटची बोट रात्री किती वाजता, हे विचारून ठेवा. ती चुकली की पुलावरून टॅक्सीचा वळसा.

पैशांबाबत. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की सावध व्हा. आधी १० टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर ७ टक्के कर. म्हणजे १०,००० बाथची खोली ११,७७० ला पडते. हॉटेलातल्या जेवणालाही हाच हिशोब. आगमनाच्या वेळी कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, ती सुटायला पुढे बरेच दिवस लागू शकतात, त्यामुळे डेबिट कार्ड देऊ नका. कार्ड यंत्रात घातल्यावर "रुपयांत की बाथमध्ये?" असं विचारलं तर बाथच सांगा, रुपयांत त्यांचा दर लागतो आणि तो नेहमी आपल्या अंगावर येतो. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी दोनशेहून जास्त बाथ शुल्क कापलं जातं. आम्ही थोडे डॉलर नेऊन शहरात बदलले. विमानतळावर अगदी गरजेपुरतेच बदला.

चौघांचं कुटुंब असेल तर खोल्यांचा प्रश्न हमखास येतो. बारा वर्षांवरचं मूल बऱ्याच ठिकाणी मोठ्यांत धरतात, आणि दराबरोबरची न्याहारी दोघांचीच असते. आतून दार असलेल्या जोडखोल्या संकेतस्थळावर निवडता आल्या तरी ती फक्त 'विनंती' असते. आमच्या पहिल्या हॉटेलात तसंच झालं. दोन खोल्या, दोन वेगळे मजले, आणि सासूबाईंना किल्लीकार्डाची लिफ्ट चालवायची धास्ती. मी हॉटेलकडून आधीच ईमेलवर लेखी होकार घेतला होता, तो दाखवल्यावर संध्याकाळपर्यंत खोल्या बदलून मिळाल्या. त्या ईमेलशिवाय काही झालं नसतं. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचारा: सध्या इमारतीत किंवा शेजारी बांधकाम सुरू आहे का, आणि न्हाणीघरात जेट स्प्रे आहे का. थायलंडमध्ये साध्या हॉटेलांतही स्प्रे असतो, पण काही आंतरराष्ट्रीय साखळ्यांना अजून कागदाचंच कौतुक.

शाकाहारींसाठी: मोठ्या हॉटेलांच्या न्याहारीत पोट भरतं, प्रश्न बाहेर येतो. भाज्यांतही माशाचा सॉस आणि ऑयस्टर सॉस असतो. 'जे' म्हणून सांगितलं, किंवा पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली टपरी शोधली, की मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल.

जाण्याआधी थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचं आणि पूर्ण फुकट; पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. भारतीयांसाठीचे पर्यटन-व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्यापूर्वी एकदा बघा.

मुंबईहून रात्रीचं विमान पकडलं की साडेचार-एक तासांत, घड्याळ दीड तास पुढे करून, पहाटे बँकॉक. आणि खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. तरुणांनी बॅगा ठेवून भटकावं. ज्येष्ठ असतील तर आदल्या रात्रीचे पैसे भरा आणि 'पहाटे पोहोचतोय' हे लेखी कळवा, नाहीतर आला नाहीत म्हणून खोली सोडून देतात. विमानतळावर अधिकृत टॅक्सीच्या यंत्रातून चिठ्ठी घ्या. मीटर, वर विमानतळाचं शुल्क आणि टोल, असा हिशोब असतो. चौघं आणि चार बॅगा असतील तर मोठ्या गाडीच्या रांगेत उभे राहा. हॉटेलच्या गाडीचे दर मी विचारले आणि आभार मानून फोन ठेवला.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर उशिरा खोली सोडता येईल का, ते आदल्या दिवशी सकाळीच विचारा. गर्दी नसली तर चारपर्यंत बहुधा फुकट देतात, सहापर्यंत हवी असेल तर अर्धं भाडं मागतात. नदीकाठाहून सुवर्णभूमी विमानतळाला जायला संध्याकाळच्या गर्दीत आम्ही दोन तास धरले होते आणि ते जवळजवळ सगळे लागले.