बोलेरोतील इन्व्हर्टर, टप्पा दुसरा: जोडांचे काम

मे महिन्यात गाडीत बसवलेला 1000 वॉटचा इन्व्हर्टर मी जुलैच्या अखेरीस पूर्ण उतरवला आणि त्यानंतरच्या तीन रविवारांत तो नव्याने बसवला. पहिल्या जोडणीत काय चुकले होते ते मोजमापांसह नोंदवत आहे, कारण खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही गाडीत हीच अडचण येऊ शकते.

देवगडहून आम्ही वर्षातून चार-पाच वेळा सहकुटुंब लांबच्या प्रवासाला निघतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक गाडीपाशीच करतो. लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि एक लहान पंखा यांना मिळून दीडशे वॉटही लागत नाहीत. प्रश्न होता तो आईच्या 500 वॉटच्या मिक्सरचा, कारण ओल्या खोबऱ्याच्या वाटणाशिवाय आमच्याकडे कालवण होत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारणतः 10 ते 15 अँपिअरचा असतो, म्हणजे त्यातून फार तर 120 ते 180 वॉट मिळतात. त्यामुळे तो मार्ग पहिल्याच दिवशी बाद झाला. पाच मिनिटे मिक्सर चालवला तर बॅटरीतून जेमतेम 4 अँपिअर-तास खर्च होतात. वाटणाला वीज थोडी लागते, पण ती एकदम लागते, आणि या जोडणीतली सगळी कसोटी त्या 'एकदम'ची आहे. इन्व्हर्टर मी मुद्दाम प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घेतला, कारण मॉडिफाइड साइन वेव्हवर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर, मोटर अधिक तापते.

मे महिन्यातली रचना सोपी होती. गाडीच्या मूळ बॅटरीपासून मागच्या आसनापर्यंत 16 चौरस मिलिमीटरची चार मीटर पॉझिटिव्ह वायर आणली होती, आणि निगेटिव्हसाठी मागच्या बाजूला बॉडीच्याच एका बोल्टवर लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) घट्ट केला होता, कारण गाडीची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. उन्हाळ्यात सर्व ठीक चालले. पाऊस सुरू झाल्यावर एका रात्री इंजिन बंद असताना मिक्सर सुरू करताच इन्व्हर्टरचा भोंगा वाजला आणि तो बंद पडला, तरी बॅटरी भार नसताना 12.6 व्होल्ट दाखवत होती. इंजिन सुरू केल्यावर मात्र तोच मिक्सर चालला. अल्टरनेटर 13.8 व्होल्ट देत असल्यामुळे वाटेतली व्होल्टची घट झाकली जात होती, म्हणून हा दोष इतके दिवस लपून राहिला.

दुसऱ्या दिवशी मिक्सर भाराखाली चालू ठेवून मी मल्टिमीटरने प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधला फरक मोजला. माझ्या मते या छंदातली ही सर्वांत उपयुक्त सवय आहे, कारण भार नसताना कुजलेला जोडही निरोगी दिसतो. प्रवाह 46 अँपिअर होता. बॅटरीवर 12.1 व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर 10.8 व्होल्ट, म्हणजे वाटेत 1.3 व्होल्ट हरवत होते. त्यातले 0.2 वायरीत, 0.2 बॅटरीकडच्या लगमध्ये, 0.1 फ्यूज व इतर ठिकाणी, आणि तब्बल 0.8 व्होल्ट बॉडीच्या त्या एका बोल्टवर जात होते. 0.8 व्होल्ट गुणिले 46 अँपिअर म्हणजे सुमारे 37 वॉटची उष्णता एका बोल्टच्या डोक्याखाली तयार होत होती, आणि तेथून वीतभर अंतरावर आसनाचा फोम होता. हे गणित कागदावर मांडल्यावर मी लगेच फ्यूज काढून घेतला.

बोल्ट उघडला तेव्हा लगखाली अर्ध्या भागात रंग तसाच राहिलेला आणि उरलेल्या अर्ध्यात गंज धरलेला आढळला. रंग पूर्ण खरवडून काढायला हवा होता. ती चूक माझीच. बॅटरीकडच्या लगची कथा वेगळी होती. आंबट पदार्थ ठेवल्यावर कल्हई नसलेले पितळेचे भांडे कळकते, तसा हिरवा थर तांब्यावर चढला होता, आणि वायरीचे आवरण सोलून पाहिले तर तो थर आत बोटभर शिरलेला होता.

याविषयी मी देवगड बंदरावर होड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका काकांना विचारले. त्यांनी लग हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "वायर किती पण जाड घाल रे, जोड कुजलो की सगळा गेला." होडीत ते प्रत्येक तंतूवर कथिलाचा मुलामा असलेली वायर वापरतात, म्हणजे तांब्याला आधीच कल्हई केलेली असते. नवी वायर मी त्यांच्याच सल्ल्याने घेतली, 35 चौरस मिलिमीटरची. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली, जेणेकरून ओलावा तंतूंमधून आत चढणार नाही. डाख देण्याचा (वितळलेल्या कथिलाने सांधण्याचा) मोह आवरला, कारण डाखेमुळे वायर जेथे ताठ होते तेथेच ती गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. बोल्ट घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला. ती आधी दोन धातूंच्या मध्ये भरायची नाही.

रचनाही बदलली. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मागेच, इन्व्हर्टरच्या शेजारी बसवली, त्यामुळे मोठ्या प्रवाहाची वाट प्रत्येकी 1.2 मीटरवर आली आणि निगेटिव्हही स्वतंत्र वायरीने परत आणला. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभराच्या आत 125 अँपिअरचा फ्यूज आहे. पुढच्या मूळ बॅटरीकडून 10 चौरस मिलिमीटरची वायर 20 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरपर्यंत (एका बॅटरीतून दुसरी भरणारे यंत्र) येते. तिच्या एका टोकाला थेट आणि दुसऱ्या टोकाला चार्जरमार्गे बॅटरी असल्यामुळे दोन्ही टोकांना 40 अँपिअरचे फ्यूज दिले आहेत. फोंडाघाटमार्गे कोल्हापूरपर्यंत चार तास गाडी चालली तर सुमारे 80 अँपिअर-तास परत भरतात, आणि आम्हांला तेवढे पुरेसे आहेत.

इन्व्हर्टर प्रथम जोडताना त्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) क्षणात भरतात आणि लगवर मोठी ठिणगी उडते. ती टाळण्यासाठी इंडिकेटरचा 21 वॉटचा दिवा मालिकेत जोडून दोन-तीन सेकंद थांबलो. दिवा उजळून मंद झाला, मग मुख्य वायर लावली.

230 व्होल्टच्या बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अनेक इन्व्हर्टरांचे आउटपुट तरंगते असते, म्हणजे त्याचा न्यूट्रल कोठेही अर्थला जोडलेला नसतो, आणि अशा वेळी आरसीसीबीला गळती दिसतच नाही. त्याचे टेस्ट बटण तरीही काम करते, कारण ते अर्थशी संबंध न ठेवता आतल्या आतच असमतोल निर्माण करते. त्यामुळे बटणावर विसंबू नये. माझ्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत न्यूट्रल आणि बॉडी जोडण्यास परवानगी आहे, म्हणून ती जोडणी आरसीसीबीच्या आधी केली. ज्या इन्व्हर्टरला ही परवानगी नाही, त्यावर ती करणे धोक्याचे आहे. नंतर परवानाधारक वायरमनने लाइव्ह आणि बॉडी यांच्यात 15 वॉटचा दिवा लावून पाहिला. त्यातून सुमारे 65 मिलिअँपिअर वाहतात, आणि आरसीसीबीने तत्काळ पुरवठा तोडला.

काल संध्याकाळी इंजिन बंद ठेवून एका नारळाचे वाटण केले. प्रवाह 38 अँपिअर, आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची घट 0.1 व्होल्ट. प्रत्येक लगला हात लावून पाहिला, एकही कोमट झाला नव्हता. रिकामा इन्व्हर्टर मात्र 0.7 अँपिअर घेत राहतो, म्हणजे दिवसाला जवळपास 17 अँपिअर-तास, म्हणून चालकाच्या हाताशी त्याचे रिमोट बटण बसवायचे राहिले आहे. ते गणपतीपूर्वी होईल. पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा कसून हीच मोजमापे घेईन, आणि पावसाळा संपला की बॅटरीकडच्या लगचे आवरण कापून तांबे कोणत्या रंगाचे आहे ते पाहीन.