बजरीगराच्या वाटीत दिवसातून किती वेळा दाणे घालावेत?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते, कारण घरी येणारे बहुतेक जण पिंजऱ्याजवळ जाताच "यांना दिवसातून किती वेळा खायला घालता?" असेच विचारतात आणि दारात उभ्याने दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते. दाणे दोनदा घालावेत, उजाडताच एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा. भाजी सकाळी उशिरा द्यावी आणि पाणी दोन्ही वेळा बदलावे. हे उत्तर आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगर या छोट्या पोपटांपुरते आहे. हिरव्या देशी पोपटाबद्दलही विचारणा होते, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणेच गुन्हा आहे, तेव्हा त्याला पेरू किती वेळा द्यावा हा प्रश्न तिथेच संपतो.

या दोन वेळा पक्ष्यानेच ठरवून दिलेल्या आहेत. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे त्याचे थवे सकाळी जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतात, दुपारच्या उन्हात झाडांच्या सावलीत बसून राहतात आणि ऊन उतरले की पुन्हा चरायला निघतात. अंधारात तो खात नाही, त्यामुळे झोपण्यापूर्वी गळ्याखालची अन्नपिशवी भरून घेणे ही त्याची रात्रीची शिदोरी असते. आपल्या दिवाणखान्यात मात्र ट्यूबलाइट आणि टीव्ही अकरापर्यंत चालू राहतात आणि पक्षी तोवर जागा राहून टिपत बसतो. अशा घरांत खाण्याच्या वेळांपेक्षा आधी दिवा बंद करण्याची वेळ ठरवावी, असे माझे मत आहे.

दोनदा घालायचे याचा अर्थ पक्ष्याने दोनदाच जेवायचे असा मात्र नाही. जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा हा जीव दिवसभर थोडे थोडे टिपत असतो आणि एक दिवसाचा कडकडीत उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वाटी रिकामी राहू देऊ नये, आणि खरी मेख इथेच आहे. बजरीगर दाणा अख्खा गिळत नाही; तो चोचीत धरून जिभेने फिरवतो, फोलपट सोलतो आणि ते पुन्हा त्याच वाटीत टाकतो. संध्याकाळी पाहावे तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते, आणि बोट फिरवले की वर नुसता कोंडा व तळाशी मोजके राळे. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो तो असा. म्हणून दोन्ही वेळा वाटी बाहेर काढून गॅलरीत तिच्यावर फुंकर मारावी, उडेल ते उडू द्यावे आणि उरलेल्या दाण्यांवरून आज खरोखर किती खाल्ले गेले ते पाहावे. मला विचाराल तर दिवसातून दोनदा घालण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की दोनदा वाटी पाहिली जाते.

दाण्यांचे प्रमाण एका पक्ष्याला दिवसाला साधारण दीड ते दोन चहाचे चमचे पुरते आणि ते दोन वेळांत विभागावे. सकाळीच ढीग घातला की तो त्यातले आवडते तेवढे वेचतो, बाकीचे उधळतो. मिक्स दाण्यांत सूर्यफुलाच्या बिया जास्त असतील तर आधी त्याच संपतात आणि बंद पिंजऱ्यातला पक्षी चरबीने जड होतो. नुसत्या दाण्यांत 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अपुरे असते. त्यासाठी पालक, कोथिंबीर किंवा किसलेले गाजर द्यावे आणि समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जीवाचे पांढरे, कॅल्शियमयुक्त कवच) पिंजऱ्यात कायम अडकवून ठेवावा. मे महिन्यात मात्र ओली भाजी दोन तासांत काढून घ्यावी, कारण ती तेवढ्यात आंबते. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो कधीच देऊ नयेत.

फिंच हे दाणे खाणारे पिंजऱ्यातले पक्षी बजरीगराहून लहान असल्याने त्यांच्या बाबतीत मोजून देण्याच्या भानगडीत पडू नये, दाणे सतत समोर ठेवावेत. पिल्ले असलेल्या जोडीलाही हेच लागू आहे, कारण आईबाप स्वतः खाऊन, अर्धवट पचवून त्यांना दिवसभर भरवत असतात. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू हाताने वाढवायचे झाल्यास दर दोन-अडीच तासांनी भरवावे लागते. नोकरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आपण घालतो ते पुरते की नाही, हे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा सांगतो. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्यापूर्वी वजन करावे. आजार लपवणे हा या पक्ष्यांचा स्वभावच असल्यामुळे पिसे फुगवून बसेपर्यंत वरून काही कळत नाही. पण पस्तीस ग्रॅमचा पक्षी तीन-चार ग्रॅमने उतरला तर वेळा बदलत न बसता पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत.

दोन दिवस गावाला जायचे असेल तर मोठी वाटी भरून कुलूप लावू नये. दाणे पुरतीलही, पण पाण्यात विष्ठा पडते आणि बाटलीची तोटी अडकली तर पाहायला कोणी नसते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, आणि देताना त्यांच्यासमोर एकदा वाटीवर फुंकर मारून दाखवावी, नाहीतर तेही वाटी भरलेली पाहून परत जातील.