अण्णांच्या उसाला ठिबक आहे का?

"तुमच्या वडिलांच्या उसाला ठिबक आहे का?"

पुण्यात एमपीएससी राज्यसेवेच्या मॉक मुलाखतीत हा प्रश्न आला आणि माझी वाचाच बसली. अर्ध्या मिनिटापूर्वी मी ठासून सांगितलं होतं की मराठवाड्यात ऊस घ्यायचाच असेल तर ठिबक सिंचन सक्तीचं करा. फॉर्मवर लिहिलेलं होतं : वडील शेतकरी, गाव पाथरी तालुक्यातलं, जिल्हा परभणी. आणि आमच्या दोन एकर उसाला सरळ पाटाचं मोकळं पाणी. समोरच्या निवृत्त अधिकारी मॅडमनी ग्लास पुढे सरकवला, पुढचा प्रश्नही विचारला. तो कोणता होता ते आजही आठवत नाही.

सध्या आमच्या भागातल्या मुलामुलींचे फोन येतात. मुख्य परीक्षा निघालेली असते, मुलाखत तोंडावर असते. "ताई, पेचात पकडणारा प्रश्न आला तर काय करायचं?" फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. माझ्या वेळी राज्यसेवेची मुलाखत 100 गुणांची होती. आता वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षेला 1750 आणि मुलाखतीला 275 गुण आहेत, म्हणजे एकूण गुणांत मुलाखतीचा वाटा आणखी वाढलाय.

त्या मॉकनंतर मी रात्रीची गाडी धरली, मानवत रोडला उतरले आणि घरी न थांबता शेतात गेले. अण्णा बांधावर बसून खुरप्याच्या टोकानं फावड्याची माती खरवडत होते. विचारलं, आपण ठिबक का नाही केलं? माती खरवडतच बोलले, "पाटाची पाळी आली की पाणी एकदम येतंय. न्हाई तर मग महिना महिना न्हाई. ठिबकला रोज थोडं थोडं लागतंय. साठवायचं कुठं? शेततळं खांदलं तर तेवढी जमीन गेली. अन् लाईट बघ, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची."

मग ऊसच का? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरात पैसा लागतो, म्हणून माल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं जातो. उसाचं गिऱ्हाईक ठरलेलं, साखर कारखाना. एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) कायद्यानं बांधलेली, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम. उशीर होतो, पण मोळी कुणी परत पाठवत नाही.

जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, उजवा 132 चा, हे मला पाठ होतं. त्या कालव्याचं पाणी आमच्या वावरात कसं येतं आणि त्यामुळे काय अडतं, हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं. माझी तयारी खरी तिथून सुरू झाली.

खऱ्या मुलाखतीत उसाचा प्रश्न आलाच. मी सरळ सांगितलं : आमच्याकडे दोन एकर ऊस आहे, ठिबक नाही, आणि त्याची कारणं ही आहेत. मग म्हटलं, नुसती सक्ती केली तर कालव्यावरचा लहान शेतकरी दंड भरत बसेल. आधी पाळीचं पाणी साठवायची सोय, दिवसाची वीज आणि सोयाबीन-तुरीची वेळेवर खरेदी, हे एकत्र झालं तर माणूस आपण होऊन ऊस कमी करेल. कुणी टोकलं नाही.

खरा पेच त्यानंतर आला. "समजा तुमची नेमणूक नाशिक जिल्ह्यात आहे. तिथल्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश निघालाय, शेतकरी धरणावर बसलेत. आणि तुम्ही परभणीच्या. काय कराल?"

इथे बरेच जण "मी निःपक्षपाती राहीन" म्हणून मोकळे होतात. त्या वाक्यावर पॅनेलचा विश्वास बसत नाही, बसूही नये. मी आधी कबूल केलं, "हो सर, हे पाणी पुढे माझ्या गावापर्यंत येतं." मग नियम सांगितला. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप करायचं असतं, आणि तेव्हाच्या निकषाप्रमाणे 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न यायचा. आदेश पाळला जाईल. पण पोलीस बंदोबस्त लावण्याआधी मी धरणावर जाईन, पिण्यासाठी किती राखीव आहे, द्राक्षबागांना किती आवर्तनं उरतात, हे आकडे लोकांसमोर ठेवेन. वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्यात का, नदीकाठच्या मोटारींची वीज बंद आहे का, हे स्वतः बघेन, नाहीतर सोडलेलं पाणी वाटेतच मुरतं.

अध्यक्षांनी विचारलं, "आणि मनात?" मी म्हटलं, "मनात गाव असेल सर. म्हणून प्रत्येक निर्णय लेखी घेईन, म्हणजे तो कुणालाही तपासता येईल."

मुलांना मी हेच सांगते. तुमचा स्वार्थ जिथे अडकलाय तो धागा त्यांच्या आधी तुम्हीच दाखवा. अडवलेला वाळूचा ट्रॅक्टर चुलत भावाचा निघाला, हा प्रश्न गोदाकाठच्या उमेदवारानं तयार ठेवावाच. पंचनामा जागेवर करायचा, ट्रॅक्टर जप्त करायचा, आणि नातं आहे हे प्रांताधिकाऱ्यांना लेखी कळवून दंडाची सुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची विनंती करायची. भावावर दुप्पट कडक होईन, असं सांगू नका. कायद्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, तो सगळ्यांना सारखाच.

आणि जे येत नाही ते "माहीत नाही सर" म्हणून सोडून द्या. मी तीनदा म्हटलं.

बाहेर पडल्यावर पहिला फोन अण्णांना केला. "काय इचारलं?"

"आपल्या उसाचं."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रातच्या लाईटीचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"बरं झालं. ठेव आता, पाळी सुटलीय, पाण्याचं दारं मोडायचंय."