तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारनेच गुपित फोडलं तर चौकशी कशाला?

पत्रकारितेच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो: "सत्तेतल्यांनीच राजकीय सोयीसाठी गोपनीय माहिती फोडली, तर चौकशी करून उपयोग काय? सुटतातच ना सगळे?"

बहुतेक सुटतात. तरीही चौकशी व्हायलाच हवी असं मी म्हणते, ते अमेरिकेतल्या व्हॅलेरी प्लेम प्रकरणामुळे.

इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहतोय, असं राष्ट्राध्यक्ष बुश जानेवारी 2003 मध्ये म्हणाले. अशाच एका खबरीची शहानिशा करायला आदल्या वर्षी सीआयएने माजी राजदूत जोसेफ विल्सन यांना आफ्रिकेतल्या नायजरला पाठवलं होतं. त्यांनी 6 जुलै 2003 ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की तिथे तसं काही आढळलं नाही. 14 जुलैला रॉबर्ट नोव्हाक यांच्या स्तंभात विल्सन यांच्या पत्नीचं, म्हणजे व्हॅलेरी प्लेम यांचं, नाव छापून आलं, सीआयएच्या नोकरीसकट. ही नोकरी गोपनीय होती. बाईंची गुप्तहेर म्हणून कारकीर्द तिथेच संपली.

अ‍ॅटर्नी जनरल (न्यायखात्याचे प्रमुख) अ‍ॅशक्रॉफ्ट हे नाव कोणी फोडलं याच्या चौकशीतून बाजूला झाले आणि शिकागोचे सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांच्याकडे काम आलं. चौकशी संशयितांच्या वरिष्ठांच्या हातून निघाली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग काय काय बाहेर आलं! उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांनी विल्सन यांच्या लेखाचं कात्रण जपून ठेवलं होतं. त्यावर त्यांच्याच अक्षरात प्रश्न होता: की बायकोनेच याला सरकारी खर्चाने फिरायला पाठवलं? चेनी यांचे प्रमुख सहायक लिबी पत्रकार ज्युडिथ मिलर यांना हॉटेलात न्याहारीला भेटले आणि इराकविषयीच्या गोपनीय अहवालातला मजकूर त्यांनी सांगितला. राष्ट्राध्यक्षांची परवानगी आहे, असं चेनींनी आपल्याला सांगितल्याचं लिबींनी पुढे साक्षीत म्हटलं. अहवालाचा भाग अधिकृतपणे खुला झाला तो दहा दिवसांनी. विल्सन यांचा विषय निघाल्यावर आपला उल्लेख 'संसदेतला माजी कर्मचारी' असा करावा, अशी लिबींची विनंती होती.

गोपनीयतेचा शिक्का मारणारे आणि पुसणारे हात एकच असले की कायदा दुबळा पडतो. नाव फोडल्याबद्दल कोणावरच खटला झाला नाही. लिबी 2007 मध्ये दोषी ठरले ते खोटी साक्ष आणि तपासात अडथळा यांसाठी. 30 महिन्यांची कैद बुश यांनी माफ केली, 2018 मध्ये ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. उलट, सूत्राचं नाव सांगायला नकार देणाऱ्या मिलर 85 दिवस तुरुंगात होत्या. ते मला आजही पटत नाही.

विल्सन यांची पत्नी सीआयएत आहे, हे नोव्हाक यांना आधी सांगितलं ते परराष्ट्र उपमंत्री आर्मिटेज यांनी, आणि ऑक्टोबर 2003 मध्येच त्यांनी तशी कबुली एफबीआयला दिली होती. तेव्हाच चौकशी गुंडाळायला हवी होती, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना एवढंच सांगते: तेव्हा गुंडाळली असती, तर ते कात्रण उपराष्ट्राध्यक्षांच्या दप्तरातच राहिलं असतं.